दगडी पाल्याचं जेल उंदरांत उत्तम चाललं; मधुमेहींच्या पायापर्यंत न्यायचं कसं?

गोदाकाठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. दगडी पाला, म्हणजे आपल्याकडं कंबरमोडी म्हणतात ती वनस्पती, तिच्या पानांच्या अर्कावर काम चालू आहे. ७० टक्के इथेनॉलमधला अर्क, कार्बोपॉल ९४० (जेल घट्ट करणारा पॉलिमर) चं १ टक्का जेल आणि त्यात अर्क ५ व १० टक्के. स्ट्रेप्टोझोटोसिन ५५ मिग्रॅ/किलो देऊन मधुमेही केलेले विस्टार जातीचे मोठे उंदीर (रॅट), गटात सहा. पाठीवर २० मिमी व्यासाची गोल जखम, रोज एकदा साधारण अर्धा ग्रॅम जेल. चौदाव्या दिवशी १० टक्केवाल्या गटात जखम जवळपास मिटलेली, तुलनेला ठेवलेल्या पोव्हिडोन आयोडीनच्या गटात बरीच उघडी. हॅकॅट पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या त्वचेच्या पेशी) ओरखड्याची चाचणी केली, तिथंही फट लवकर भरली.

पुढची पायरी म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी ओपीडीत मधुमेहींच्या पायाच्या जखमांवर ३०-३० रुग्णांची तुलना करायचा विचार आहे. यातून थेट रुग्णांकडं जाता येतं का? टक्केवारी तीच ठेवायची का? परवानग्या कुणाच्या लागतात? आणि अशा कामाचं घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

बालाघाट

गोदाकाठताई, थेट जाता येत नाही. कारण परवानगीच्याही आधीचं आहे. तुम्ही जे मोजलंय ते माणसाच्या पायात घडतच नाही.

उंदराच्या कातडीखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. त्यामुळं त्याची कातडी सैल असते आणि जखम चहूबाजूंनी ओढली जाऊन आकसते. माणसाच्या तळपायाची कातडी खाली घट्ट बांधलेली. तिथं जखम भरते ती तळातून लालसर दाणेदार ऊती वर येऊन आणि कडेनं नवी त्वचा सरकून. म्हणजे 'जखम इतके टक्के आकसली' हा आकडा मुख्यतः उंदराच्या कातडीचा गुण सांगतो, जेलचा नव्हे.

उपाय जुना आणि स्वस्त आहे: जखमेभोवती सिलिकॉनची कडी बसवायची. लहान उंदरात (माऊस) ६ मिमीची पंच-जखम आणि ०.५ मिमी जाडीच्या पत्र्यातून कापलेली कडी वापरतात. कडीचं आतलं भोक जखमेपेक्षा थोडं मोठं, कडी गोंदानं चिकटवून वर ६-० नायलॉनचे टाके. विस्टारमध्ये हेच माप वाढवून जमतं. त्रास एवढाच की उंदीर कडी कुरतडतात. म्हणून एका पिंजऱ्यात एकच प्राणी, रोज सकाळी कडी तपासायची, आणि किती तास कडी सुटली तर तो प्राणी बाद हे प्रयोगाआधी वहीत लिहून ठेवायचं. निकाल पाहून बाद करणं म्हणजे निकाल आपल्या हातानं बनवणं. मोजमापही वरून फोटो काढून भागत नाही. जखमेच्या मधोमध उभा छेद घेऊन नव्या त्वचेची दोन टोकं किती जवळ आली आणि दाणेदार थर किती जाड झाला, हे मायक्रोस्कोपखाली मोजा. स्लाइड पाहणाऱ्याला गट कळता कामा नये.

पोव्हिडोन आयोडीन ही तुलना तर मुळातच सोपी निवडलीय. ते जंतू मारतं तसंच फायब्रोब्लास्टलाही (जखम भरून काढणाऱ्या पेशी) मारतं. रोज लावलं तर जखम रेंगाळू शकते, त्याच्यापुढं कुठलंही मऊ जेल जिंकेल. तुमची खरी लढत नुसत्या बेसशी (अर्क न घातलेल्या जेलशी) आहे, कारण जखम ओलसर ठेवणं हाच अर्धा उपचार. बेसचा गट होता का, ते तुम्ही लिहिलंच नाही.

मधुमेहाचंही बघा. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन आठवड्याभरात जखम केली तर तो ऐन जवानीतला उंदीर असतो, साखर चढलेली आणि वजन उतरलेलं. पायाला जखम होणाऱ्या माणसाचा मधुमेह बहुधा दहा-पंधरा वर्षं मुरलेला असतो, पायाची संवेदना गेलेली, रक्तपुरवठा कमी, जखमेत जंतूंचा चिकट थर. एका प्रयोगात हे सगळं आणता येणार नाही. निदान साखर चढल्यावर सहा-आठ आठवडे थांबा आणि एका गटात जखमेत स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सोडून पाहा. स्ट्रेप्टोझोटोसिन ४.५ पीएचच्या थंड सायट्रेट बफरमध्ये ऐन वेळी विरघळवून लगेच टोचावं लागतं. द्रावण टेबलावर राहिलं की त्याचा जोर उतरतो, मग गटातले दोन प्राणी मधुमेही होतच नाहीत आणि सहाचे चार उरतात.

पेशींबद्दल थोडक्यात. हॅकॅट ज्या डीएमईएममध्ये (पेशी वाढवायचं द्रावण) वाढवतात त्यात ग्लुकोज बहुतेक वेळा ४.५ ग्रॅम/लिटर असतं, म्हणजे ४५० मिग्रॅ टक्के! म्हणजे तुमचा 'नॉर्मल' गटही मधुमेहीच. ओरखडा भरला तो पेशी सरकल्यामुळं की वाढल्यामुळं, हे मायटोमायसिन-सी (पेशींची वाढ थांबवणारं औषध) देऊन वेगळं काढा. एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजायची चाचणी) केली असेल तर पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी असा एक वेल (खळगा) ठेवा. अर्कातले पॉलिफिनॉल स्वतःच तो रंग जांभळा करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

शिवारातला

एवढं कशाला लांबण लावता राव? दगडी पाला चोळून जखमेवर बांधणं आपल्याकडं बांधाबांधावर चालतं. खुरपं लागलं की पहिला तोच. माणसावर पिढ्यानपिढ्या टेस्ट झालेलीच आहे की.

मांजराकाठ

शिवारातलेभाऊ, खुरप्यानं कापलेलं बोट आणि मधुमेह्याचा तळपाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धडधाकट माणसाची ताजी जखम काही न लावताही भरते, त्यामुळं पाल्याचा गुण त्यातून कळत नाही. मधुमेही पायावर मातीतला कच्चा पाला बांधला तर धनुर्वात आणि गॅस गँगरीनचे बीजाणू आत जायची भीती, आणि संवेदना नसल्यानं दुखतही नाही. पट्टी सोडतात तेव्हा आत काळं पडलेलं असतं. वापराची परंपरा ही शोधाची दिशा दाखवते, एवढं तिचं श्रेय नक्की.

गोदाकाठताई, आता ओपीडीच्या बाजूनं. तुमच्या जेलची पहिली अडचण औषधाची नाहीच. तळपायाच्या जखमेचा मुख्य उपचार म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. त्यासाठी सगळ्यात खात्रीचं साधन म्हणजे गुडघ्याखालपर्यंतचं, रुग्णाला काढता न येणारं प्लास्टर किंवा बूट, आणि ते आठवड्यातून एकदा बदलतात. तुमचं जेल रोज लावायचंय. मग लावणार कुठून? एकतर आठवडाभर टिकणारं रूप करा (पातळ पापुद्रा, स्पंज, जाळी), नाहीतर काढता येणारं साधन द्या आणि रुग्ण ते काढून ठेवतील हे गृहीत धरा. हा प्रश्न प्रबंधाच्या पहिल्या पानावर हवा होता. औषध कुणाला, कुठल्या जखमेला, कोण लावणार, किती दिवसांनी, घरी कुठं ठेवणार आणि काय दिसलं तर काम थांबवायचं, हे एका पानावर आधी लिहा आणि तिथून उलटं प्रयोगशाळेकडं या. अर्क ५ टक्के की १० टक्के हा त्यानंतरचा मुद्दा.

रुग्ण निवडताना १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा धागा), घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर, जखमेत सळई घालून हाड लागतं का ते आणि एक्स-रे, एवढं प्रत्येकाचं हवं. गुणोत्तर १.३ च्या वर आलं तर खूश होऊ नका. रक्तवाहिनी चुन्यानं कडक झाल्यामुळं आकडा फुगलेला असतो, तिथं पायाच्या अंगठ्याचा दाब मोजा. हाडात जंतू गेलेले, रक्तपुरवठा तुटलेले रुग्ण वगळा. पण एचबीए१सीची (तीन महिन्यांची सरासरी साखर) अट ८ च्या आत वगैरे ठेवू नका. आपल्या भागातले निम्मे रुग्ण गळतील आणि निकाल कुणाला लागू पडतो हेच कळणार नाही.

सुरुवातीचे दोन आठवडे कुणालाच जेल द्यायचं नाही. मेलेली ऊती काढणं, भार काढणं, ड्रेसिंग, साखर, एवढंच. या काळात ज्यांची जखम ३० टक्क्यांहून जास्त लहान झाली त्यांना चाचणीत घेऊ नका, ते नुसत्या नीट काळजीनंच बरे होणार आहेत. हा टप्पा गाळला की दोन्ही गट सुधारतात, फरक दिसत नाही आणि औषध फुकटचं बदनाम होतं.

शेवटचं माप म्हणून '१२ आठवड्यांत जखम पूर्ण बंद' हे धरा. बंद म्हणजे वर त्वचा आली, स्राव नाही, ड्रेसिंग लागत नाही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तरी तसंच. लांबी गुणिले रुंदी केलं तर क्षेत्रफळ जास्त येतं. लंबगोल जखमेला त्याला ०.७८५ नं गुणा, किंवा पारदर्शक कागदावर कड काढून मोजा. फोटोत जखमेशेजारी मोजपट्टी, तोच मोबाइल, तेच अंतर. फोटो वाचणाऱ्याला गट माहीत नको.

आता मराठवाड्याचं म्हणून एक. दोन आठवडे आधीचे, बारा उपचाराचे, दोन खात्रीचे, असे एका रुग्णामागं सोळा आठवडे धरा. बीड, धाराशिव, जालन्याकडचे ऊसतोड कामगार दसऱ्यानंतर कारखान्यांकडं निघतात ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ऑगस्टमध्ये घेतलेला रुग्ण ऐन मोजणीच्या वेळी कोल्हापुरात असतो. म्हणून अशांना एप्रिलच्या अखेरीपासून घ्या. पण जूनमध्ये मृगाची पेरणी आली की पाय वर ठेवून कुणी बसत नाही, तेव्हा मे महिन्यात घेतलेला रुग्ण त्यातल्या त्यात बरा. एसटीचं भाडं आणि त्या दिवसाची बुडालेली मजुरी बजेटमध्ये लिहा. नैतिकता समितीला त्यात वावगं वाटत नाही, आकडा अवास्तव नसला म्हणजे झालं.

खलबत्ता

माझा मुद्दा जेलच्या भांड्यातला. कार्बोपॉल ९४० तयार करताना बेंझिन वापरलेलं असतं. प्रबंधाला चालून जातं, उघड्या जखमेवर माणसात नको. कार्बोपॉल ९७४ पी घ्या. त्याहून मोठी भानगड म्हणजे कार्बोमरला, म्हणजे या कार्बोपॉलला, क्षार सोसत नाहीत. पानांच्या अर्कात पोटॅशियम भरपूर. १० टक्के अर्क घातला की ट्रायइथॅनॉलअमाइननं पीएच साडेसहावर आणूनही जेल पातळ होतं, दोन महिन्यांत पाणी सुटतं. मग विद्यार्थी पॉलिमर वाढवतात आणि प्रत्येक बॅचची घट्टी वेगळी. सोडियम सीएमसी किंवा एचपीएमसीवर (सेल्युलोजपासून केलेले घट्ट करणारे पदार्थ) जा. बेकाप्लर्मिन या, मधुमेही पायाच्या जखमेवरच्या, वाढ-घटकाच्या जेलचा बेसही सोडियम सीएमसीचाच आहे.

निर्जंतुक करणं हा दुसरा खड्डा. धडधाकट कातडीवरच्या मलमाला ग्रॅममागं १०० जंतूंपर्यंत चालतात, स्टॅफ ऑरियस आणि स्यूडोमोनास मात्र अजिबात नकोत. इथं जखम उघडी, तेव्हा जेल निर्जंतुकच हवं. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) अर्कातले घटक बिघडतात, गॅमा किरणांनी पॉलिमर तुटून जेल पातळ होतं. व्यवहार्य वाट अशी: बेस वेगळा ऑटोक्लेव्ह करायचा, अर्काचं द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढायचं आणि स्वच्छ कक्षात दोन्ही मिसळायचे. कच्चा अर्क त्या फिल्टरमधून जातच नाही, दोन मिनिटांत चोंदतो. म्हणजे अर्क शुद्ध करून त्याचा एक भागच घ्यावा लागतो. नियमही तेच मागतात, त्याबद्दल जाणकार लिहितीलच.

तो भाग ओळखायचा कसा? ल्युटिओलिन, क्वेरसेटिन, बीटा-सिटोस्टेरॉल हे शंभर वनस्पतींत सापडतं, त्यावरून दगडी पाला सिद्ध होत नाही. प्रोक्युम्बेनेटिनसारखा या वनस्पतीशी जास्त जोडलेला घटक सोबत धरा, एचपीटीएलसीचा (घटक वेगळे करून पट्ट्यांत दाखवणारी तपासणी) ठसा घ्या, आणि फुलावर असताना, पावसाळ्यात व हिवाळ्यात तोडलेल्या पाल्याचे आकडे वेगवेगळे काढा. वनस्पतीचा नमुना पुण्याच्या बोटॅनिकल सर्वेकडून ओळखून घेऊन क्रमांक जपा. रस्त्याकडेचा पाला नको. शिसं १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ या मर्यादा आहेत आणि हायवेलगतचा माल शिशाला नापास होऊ शकतो.

टक्केवारीचं विचारलंत. वरून लावायच्या औषधात टक्के नव्हे, चौरस सेंटीमीटरला किती मिलिग्रॅम पडतात ते न्यायचं. २० मिमीची जखम म्हणजे ३.१४ चौसेमी. अर्धा ग्रॅम १० टक्के जेल म्हणजे ५० मिग्रॅ अर्क, चौसेमीला साधारण १६ मिग्रॅ. माणसाची १० चौसेमीची जखम धरली तर १६० मिग्रॅ. सगळा अर्क शरीरात शिरला असं वाईटात वाईट धरा. २०० ग्रॅमच्या उंदराला ते २५० मिग्रॅ/किलो झालं. त्याला ६.२ नं (उंदराची मात्रा माणसासाठी बदलायचा आकडा) भागलं की माणसाचे ४० मिग्रॅ/किलो, ६० किलोला २४०० मिग्रॅ. म्हणजे पंधरापट अंतर आहे, पण उंदरांचं यकृत, मूत्रपिंड, रक्त तपासून काही बिघडलं नाही हे दाखवलं असेल तरच. ते केलंय का?

अवांतर: १० टक्के अर्कानं जखम हिरवी-काळी दिसते. सर्जनला खालची मेलेली ऊती दिसत नाही, आणि प्लासिबो जेल तसंच रंगवून तसंच वासाचं करणं महाकठीण. जमेल तितका रंग शुद्धीकरणातच काढा.

शून्य_गृहीतक

३०-३० वर लिहितो, बाकी वरच्यांनी लिहिलंच आहे.

बेकाप्लर्मिनला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. १०० मायक्रोग्रॅम/ग्रॅमच्या जेलनं ५० टक्के जखमा पूर्ण बंद झाल्या, नुसत्या बेसनं ३५ टक्के. बेसचा आकडा बघा, म्हणून बालाघाट बेसवर एवढा जोर देतायत. तुमचा पाला वाढ-घटकाइतका चालेल असं उदारपणे धरू. ३५ आणि ५० मधला फरक ८० टक्के शक्यतेनं पकडायला गटात १६७ रुग्ण लागतात. २० टक्के गळती धरली तर २०९, दोन्ही मिळून ४१८. गटात ३० घेतले तर फरक खरोखर असूनही तो दिसण्याची शक्यता साधारण २२ टक्के. म्हणजे पाचातल्या चार वेळा चांगलं औषध हाती असून 'उपयोग नाही' असं छापून येणार. उरलेल्या वेळी योगायोगानं फुगलेला फरक दिसणार आणि पुढचे सगळे त्यामागं धावणार. दुसरा प्रकार मला जास्त घातक वाटतो.

६० रुग्णांचंच बळ असेल तर प्रश्न बदला. आग होते का, ॲलर्जी येते का, महिन्याला किती रुग्ण मिळतात, किती गळतात, सांगितल्याप्रमाणं किती जण लावतात (ट्यूब परत आणून वजन करा), चार आठवड्यांत क्षेत्रफळ किती घटतं आणि त्यात चढउतार किती. चार आठवड्यांत निम्मी घट होणं हा पुढं जखम बंद होण्याचा बऱ्यापैकी अंदाज देतो. त्या चाचणीच्या निष्कर्षात 'परिणामकारक' हा शब्द लिहायचा नाही, एवढं पथ्य पाळा.

उंदरांतही तेच. एका उंदराच्या पाठीवर दोन जखमा केल्या म्हणून आकडा दुप्पट होत नाही, मोजायचं एकक प्राणी. कुठला प्राणी कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकानं ठरवा. पिंजऱ्यातून हाताला येईल तो पहिला, असं केलं की आधी सुस्त प्राणी हाती लागतात आणि सगळे एकाच गटात जातात.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. बेसचा गट होता, फरक होता पण आयोडीनइतका मोठा नव्हता. यकृत-मूत्रपिंड तपासलेलं नाही. परवानग्यांचं कुणी सांगेल का? 'शैक्षणिक चाचणी' म्हणून केली तर दिल्लीची (केंद्रीय औषध नियंत्रकाची) परवानगी लागत नाही असं ऐकलंय. आणि पेटंट?

कलमबहाद्दर

अर्धवट ऐकलंय. नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ मधली शैक्षणिक चाचणीची सवलत ही आधीच मान्यता असलेल्या औषधाला आहे. नवा आजार, नवा मार्ग, नवी मात्रा किंवा नवं रूप, तेही संशोधनापुरतं, तर नैतिकता समितीची संमती पुरते. तुमचा अर्क मान्यताप्राप्त नाही, तेव्हा ती वाट बंद.

तुमच्यापुढं दोन रस्ते. एक, फायटोफार्मास्युटिकल. व्याख्या २०१५ पासून आहे: वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध केलेला, प्रमाणित भाग, ज्यातले किमान चार घटक गुणानं आणि प्रमाणानं मोजलेले असतात. कच्चा अर्क यात बसत नाही, खलबत्तांनी म्हटलं ते हेच. चाचणीचा अर्ज सीटी-०४, परवानगी सीटी-०६ मध्ये, आणि चाचणीपुरतं औषध बनवायचा वेगळा अर्ज सीटी-१०. हा दुसरा अर्ज बरेच जण विसरतात आणि हातात परवानगी असून बॅच काढता येत नाही. सरकारी किंवा सरकारी अनुदानावरच्या संस्थेला चाचणीच्या अर्जाचं शुल्क माफ आहे. दुसरा रस्ता आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषधाचा, नियम १५८-ब खाली राज्याच्या परवान्यानं. त्यासाठी औषध कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत ती वनस्पती असावी लागते, तेव्हा आधी तेच तपासा. हा रस्ता जवळचा वाटतो, पण इथून मिळालेल्या निकालावर ॲलोपॅथीचा सर्जन जेल लिहून देईल ही अपेक्षा धरू नका.

नैतिकता समिती सीडीएस्कोकडं (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था) नोंदलेली आहे का ते विचारा. काही महाविद्यालयांच्या समित्या फक्त आरोग्य संशोधन विभागाकडं नोंदलेल्या असतात. त्यांना प्रबंधाचं संशोधन तपासता येतं, नव्या औषधाची चाचणी नाही. सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंद पहिला रुग्ण घ्यायच्या आधीच हवी, नंतर केलेली नोंद २०१८ च्या एप्रिलपासून चालत नाही. गंभीर अपाय झाला तर संशोधकानं २४ तासांत कळवायचं. पाय कापावा लागला तरी तो गंभीर अपाय आहे, जेलमुळं असो वा नसो. मधुमेही पायाच्या चाचणीत ही वेळ येतेच, तेव्हा विमा आणि भरपाईचा करार आधी करून ठेवा. संमतिपत्र मराठीत, आणि वाचता न येणाऱ्याला वाचून दाखवताना चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. वॉर्डातली सिस्टर तो साक्षीदार होत नाही.

पेटंट: 'पाला जखमेवर चालतो' यावर मिळणार नाही, पारंपरिक ज्ञान पेटंट कायद्याच्या कलम ३ (पी) खाली वगळलेलं आहे. शुद्ध केलेला भाग, तो काढायची रीत, आठवडाभर टिकणारी जाळी, यावर आशा आहे. पण पेपर छापायच्या किंवा प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) चढायच्या आधी अर्ज गेला पाहिजे. भारतीय जैविक साधन वापरल्यानं राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं नोंदणीही लागते.

मांजराकाठ

शैक्षणिक चाचणीचा विषय निघालाय म्हणून एक सुचवतो. पीएचडीच्या मुदतीत खरोखर रुग्णांपर्यंत जायचं असेल तर मान्यता असलेल्या औषधाचा नवा उपयोग हा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं विंचूदंशावरचं काम त्याचा नमुना. लाल विंचवाच्या विषानं शरीरात कॅटेकोलअमाइनचा (ताणाच्या संप्रेरकांचा) पूर येतो, रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा रिसेप्टर पेटतात, रक्तदाब चढतो आणि पुढं फुप्फुसात पाणी भरतं. ही साखळी कळल्यावर त्यांनी महाडला प्राझोसिन दिलं. ती अल्फा रिसेप्टर अडवणारी रक्तदाबाची जुनी गोळी, मात्रा ३० मायक्रोग्रॅम/किलो तोंडावाटे. नवं रसायन नाही, नवा कारखाना नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येतं. तरी काम तिथं थांबलं नाही. प्रतिविष जोडल्यानं आणखी फायदा होतो का, याची ७० रुग्णांची यादृच्छिक चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. जखमांत याच धर्तीवर काचबिंदूचे टिमोलॉलचे ०.५ टक्के थेंब वापरून पाहिले जातायत. पाल्याचं काम सोडा असं नाही, पण जोडीला असा एक विषय घेतला तर ओपीडीची घडी, मोजमाप आणि गळती हे सगळं आधीच बसलेलं असेल.

आणि नियंत्रण गटाला कमी उपचार देऊ नका. आपल्याच धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी-चाचणी झाली. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा. एकदाच केलेल्या एचपीव्ही (या कर्करोगामागचा विषाणू) चाचणीनं मृत्यू जवळपास निम्मे झाले, एचपीव्ही गटात ३४ आणि तुलनेच्या गटात ६४. निकाल २००९ मध्ये आला आणि जगभर वापरला गेला. तरी तुलनेच्या गटातल्या ३१ हजारांवर बायकांना तपासणी दिली नव्हती, यावर नंतर बराच वाद झाला. तुमच्या दोन्ही गटांना भार काढणं, ड्रेसिंग, साखर आणि एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल सारखीच मिळाली पाहिजे, फरक फक्त ट्यूबमधल्या मालाचा.

बालाघाट

+१. क्रम असा लावा. आधी मांजराकाठांचं एका पानाचं काम, सर्जनच्या शेजारी बसून. मग अर्काचे तीन-चार भाग पाडून पेशींवर कुठला चालतो ते. जो चालेल त्याचाच बेस बदलून जेल, आणि त्याचा कडीवाला उंदीर-प्रयोग: बेस, जेल, नुसतं ओलं ड्रेसिंग, तीन गट. सोबत रक्त-यकृत-मूत्रपिंड. बेसपेक्षा फरक दिसला नाही तर तिथंच थांबा आणि तेही छापा. दिसला तर सशावर दाह आणि गिनीपिगवर ॲलर्जीची चाचणी, जीएलपी (प्रयोगशाळेच्या दर्जाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत. कॉलेजच्या प्राणिगृहातला अहवाल परवानगीच्या अर्जाला पुरत नाही, आणि इथंच खरा पैसा जातो. बायरॅकचं (जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणारी केंद्राची संस्था) 'बिग' नावाचं अनुदान ५० लाखांपर्यंत मिळतं, पण ते उद्योजक किंवा स्टार्टअपला. त्यामुळं कॉलेजच्या नावानं अर्ज करण्याआधी संस्थेशी हक्कांचं लेखी ठरवा.

कडीसाठी सिलिकॉनचा पत्रा घेताना वैद्यकीय दर्जाचा, ०.५ मिमीचा मागा. हार्डवेअरच्या दुकानातल्या रबर शीटच्या कडीखाली कातडी लाल होते आणि मग दाह जेलचा की रबराचा तेच कळत नाही.

गोदाकाठ

एक पान लिहायला घेतलंय. मांजराकाठसर, आठवड्याला एकदाच प्लास्टर उघडणार असेल तर स्राव शोषणारी जाळी बरी की पापुद्रा?

मांजराकाठ

जाळी किंवा स्पंज. पापुद्र्याखाली स्राव साचून कडेची कातडी पांढरी, भिजकी होते आणि जखम रुंदावते. फार स्राव असेल तर पहिल्या दोन वेळा आठवड्याऐवजी तीन-चार दिवसांनी उघडायचं, हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.